फक्त लातूरपर्यंत

लातूरहून मुखेडला परतताना जांबच्या अलीकडे गाडीच्या बॉनेटखालून 'टक्' असा बारीकसा आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी बंद पडलं. रेणुकादासांनी गाडी कशीबशी लिंबाच्या सावलीत घेतली, चावी फिरवली, पुन्हा फिरवली आणि मग काचेतून समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहत बसले. गाडी त्यांची नव्हती. ती त्यांच्या सासऱ्यांची होती, आणि येत्या रविवारी परत करायची होती.

"काय झालं हो?" शेजारी बसलेल्या बायकोनं, सौदामिनीनं विचारलं.

"काही नाही. गरम झाली असेल."

"आप्पांना फोन लावू का? त्यांची गाडी हाय, त्यांना म्हाईत असंल."

"अजिबात नाही!" रेणुकादास इतक्या जोरात म्हणाले की लिंबाखाली बसलेली शेळी उठून गेली. "जावयाच्या हातात गाडी मोडली म्हणून कळवायचं? आणि रविवारी त्याच हातानं अनारशाचं ताट घ्यायचं?"

अधिक महिना चालू होता. या महिन्यात आपल्याकडे जावयाला काय भाव येतो ते सांगायला नको. एरवी वर्षभर ज्याला 'आलात का? बसा' एवढ्यावर भागवलं जातं, त्याला या महिन्यात साक्षात नारायण समजून धोंड्याच्या जेवणाला बोलावतात. रेणुकादास मुखेडच्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत. पानिपतावर ते शांतपणे बोलू शकत, पण स्वतःच्या मानपानाबद्दल त्यांना शांतपणे बोलता येत नसे. मेहुण्याच्या लग्नात आहेराची टोपी त्यांना लहान झाली होती. ती त्यांनी दिवसभर डोक्यावर तशीच अडकवून ठेवली आणि कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. सासरची मंडळी तेव्हापासून त्यांना जरा जपूनच असत.

म्हणूनच तर गाडी मिळाली होती. मुलीचा, मनस्विनीचा, लातूरचा क्लास संपला होता. ती काही दिवस तिथंच आजोळी राहणार होती आणि तिची क्लासजवळची भाड्याची खोली रिकामी करायला हे दोघं एसटीनं लातूरला गेले होते. कूलर, गादी आणि पुस्तकांची पोती पाहून आप्पासाहेब कासावीस झाले.

"जावईबापू, कूलर घेऊन एष्टीत चढता व्हय? लोक काय म्हणतेल मला? माझी गाडी घेऊन जा. रविवारी धोंड्याला येणारच हाव की, तव्हा घेऊन या."

"जपून नेईन, आप्पा," रेणुकादास म्हणाले होते. "गाड्यांतलं मला कळतं."

हे शेवटचं वाक्य म्हणायची काही गरज नव्हती.

निवृत्ती नावाच्या एका भल्या माणसानं त्यांची गाडी ट्रॅक्टरला बांधून मुखेडपर्यंत ओढत आणली. दोर सोडता सोडता त्यानं न विचारता सांगितलं, "ह्याच्यात कचरा आलाय, सर. फुंकर मारली की चालू होती."

बाऱ्हाळी रोडवर संगमेशचं गॅरेज होतं. गाडी आत ढकलण्याआधी रेणुकादासांच्या एक गोष्ट लक्षात आली. चावीला पितळेचं मोठं किचेन होतं. आप्पासाहेब मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले तेव्हा विद्यार्थ्यांनी दिलेलं. त्यावर त्यांचं नाव, शाळा आणि लातूर असं सगळं कोरलेलं होतं. आप्पासाहेबांचे विद्यार्थी उदगीरपासून नांदेडपर्यंत पसरलेले. संगमेश त्यांतलाच निघाला तर संध्याकाळच्या आत लातूरला बातमी! रेणुकादासांनी किचेन काढायचा प्रयत्न केला, नख मोडलं, पण ते निघेना. शेवटी त्यांनी ती चावी किचेनसकट सौदामिनीच्या पर्समध्ये टाकली आणि आप्पासाहेबांनी 'असू द्या जवळ' म्हणून दिलेली दुसरी, लातूरच्या गंजगोलाई बाजारात बनवून घेतलेली चावी संगमेशच्या हातावर ठेवली.

"गाडी कुणाची, सर?"

"एका परिचितांची."

संगमेशनं पुढचं झाकण उघडलं आणि आत हात घालून रबराचा एक तुटका पट्टा सापासारखा बाहेर ओढला. "टायमिंग बेल्ट गेला. इंजिनचं खालचं आन् वरचं ह्याच्यावरच एका तालात फिरतंय. जुना झाला व्हता, तुकडे पडलेत बघा. हे बदलायचं लई आधी सांगितलं असंल कुणीतरी."

"मला कुणी नाही सांगितलं," रेणुकादास म्हणाले, आणि ते खरंच होतं.

नवा बेल्ट नांदेडहून एसटीच्या पार्सलनं आला. संगमेशनं तो बसवला, हात पुसले, सेल्फ मारला. इंजिन घर्र घर्र फिरलं, पण धरेना. पुन्हा मारला. फिरत होतं छान, चालू मात्र होत नव्हतं.

"एखादा दात मागंपुढं झाला असंल," असं म्हणून संगमेशनं सगळं परत उघडलं, खुणेला खूण जुळवली, परत बंद केलं. गाडी जशीच्या तशी.

इथपर्यंत प्रकरण खासगी होतं. पण आपल्याकडे उघडं बॉनेट ही सार्वजनिक मालमत्ता असते. कॉलेजातून घरी जाताना भौतिकशास्त्राचे राघवेंद्र सर थांबले, त्यांनी स्कूटर स्टँडला लावली आणि चष्मा वर सरकवला.

"हे बघा, इंजिन चालायला हवा, इंधन आणि ठिणगी लागते. यातलं जे नाही ते शोधायचं. अगदी सोपं आहे."

ते इतकं सोपं होतं की त्यात पूर्ण दुपार गेली. हवा होती. इंधन टाकीत होतं, पण पुढं येत नव्हतं. ठिणगी पडत नव्हती. राघवेंद्र सरांच्या सांगण्यावरून प्लग बदलले, पेट्रोलचा पंप काढून पाहिला, परत लावला. मग पाटबंधारे खात्यातले अभियंता धम्मदीप आले. ते रेणुकादासांच्या गल्लीतच राहत आणि माणूस मदतीला तत्पर. त्यांनी पंपाला हात न लावता सांगितलं, "सेन्सर असणार. बेल्ट तुटला तव्हा वरच्या सेन्सरला मार बसला. मह्या साडूच्या गाडीला सेम झालं व्हतं." सेन्सर नांदेडहून मागवला. लावला. प्रत्येकाचं निदान शास्त्रशुद्ध होतं आणि प्रत्येक निदानानंतर गाडी तितकीच बंद होती. स्टिअरिंगमागच्या काट्यांपाशी एक लाल दिवा सारखा लुकलुकत होता. त्याबद्दल निवृत्तीनं एकदा विचारलं, तर राघवेंद्र सर म्हणाले, "तो सीटबेल्टचा," आणि विषय मिटला.

लातूरहून मात्र रोज फोन येऊ लागला.

"जावईबापू, गाडी कशी चालायलीय?" आप्पासाहेब विचारत.

"एकदम झकास, आप्पा."

"आवाज-बिवाज काही?"

"काही म्हणजे काही आवाज नाही." हे अक्षरशः खरं होतं.

"मधीच थांबती-बिंबती का?"

"छे! मधे थांबायचा प्रश्नच येत नाही."

"लांब कुठं नेऊ नका बरं का. म्हणजे, न्या की, तुमचीच हाय. पण उगं लांब नका नेऊ."

सासऱ्यांना आपल्या ड्रायव्हिंगचा भरवसा नाही, असा रेणुकादासांनी याचा अर्थ लावला. ते दुखावले आणि गाडीची जास्तच स्तुती करू लागले. शुक्रवारी तर त्यांनी गाडीनं लोह्याला जाऊन आल्याचंही सांगून टाकलं. चढाला कशी ओढते, खड्ड्यात कशी तरंगते, वगैरे. आप्पासाहेब पलीकडून 'हाव का? खरंच?' म्हणत राहिले. सौदामिनी भाजी निवडता निवडता ऐकत होती.

"लोह्याला कशाला गेलो होतो आपण?" तिनं विचारलं.

"सहज."

"मग मला न्यायचं की."

शनिवारी दुपारी गॅरेजात सगळे जमले होते. रविवार उद्यावर आला होता. बेल्ट तिसऱ्यांदा उघडून बसवून झाला होता. राघवेंद्र सर आणि धम्मदीप यांच्यात पंप की वायरिंग यावरून थोडी बोलाचाली झाली होती आणि ते एकमेकांकडे न बघता इंजिनात बघत होते. रेणुकादास एका टायरवर बसून होते. आपण रविवारी एसटीतून उतरतोय, आप्पासाहेब आपल्या मागे गाडी शोधतायत आणि सगळी सासुरवाडी दारात उभी आहे, हे दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्यांना खरोखर रडू येत होतं.

तेवढ्यात सौदामिनी आली. तिची उद्या नेसायची साडी गाडीतल्या बॅगेत अडकली होती. ऊन असं होतं की गॅरेजचा पत्रा कडकडत होता. तिनं बॅग घेतली, पण ही शास्त्रचर्चा लवकर संपायचं लक्षण दिसेना, म्हणून ती गाडीत स्टिअरिंगमागे जाऊन बसली. दोन मिनिटं पदरानं वारा घेतला. मग जरा एसी लागतो का बघावं म्हणून तिनं पर्समधली चावी काढली आणि फिरवली.

गाडी चालू झाली.

इंजिनावर वाकलेली डोकी झटकन वर आली. मग सगळे एकदम बोलले.

"म्हणलो नव्हतो का सेन्सर!" धम्मदीप म्हणाले.

"सेन्सर कसला? पंपात हवा अडकली होती, ती निघाली. साधा दाब!" राघवेंद्र सर.

"बेल्ट ह्या बारीला बरोबर बसला," संगमेश म्हणाला.

"कचरा निघाला बघा," निवृत्ती म्हणाला. तो आज का आला होता कुणाला माहीत नाही.

संगमेशनं खात्री करायला गाडी बंद केली, खिशातली चावी काढून लावली आणि सेल्फ मारला. घर्र घर्र. धरेना. पुन्हा तेच. सौदामिनीनं मारून पाहिला, लगेच चालू. संगमेशनं मारला, नाही. निवृत्तीनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"ताईच्या हाताला यश हाय."

"हाताला कशाचं यश?" सौदामिनी म्हणाली. "माझी चावी वेगळी हाय की."

धम्मदीपांनी दोन्ही चाव्या हातात घेऊन पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "अस्सल चावीत चिप असती. ती असली तरच इंजिन पेट्रोल अन् ठिणगी घेतं. चोर गाडी नेऊ नये म्हणून. ह्या दुसरीनं फक्त दार उघडतं अन् सेल्फ फिरतो." मग ते लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे वाकले. दिव्यावर बारीक चावीचंच चित्र होतं. राघवेंद्र सरांनी चष्मा पुसायला घेतला.

सगळ्यांनी रेणुकादासांकडे पाहिलं.

"सर," संगमेश हळूच म्हणाला, "ही चावी पहिल्याच दिशी का न्हाई दिली?"

"ती... देवघरात होती."

संगमेशनं किचेनवरचं नाव वाचलं. रेणुकादासांनी श्वास रोखला. "मुख्याध्यापक, लातूर. असतील बापडे. म्या तर देगलूरला शिकलो," असं म्हणून त्यानं चावी परत केली.

तीन दिवस बेल्ट उघडत-झाकत घामाघूम झालेला माणूस इतका शांत राहतो याचं रेणुकादासांना नवल वाटलं. पण संगमेश शांत नव्हता, तो ऐकत होता. इंजिन चालू होतं, मात्र ते थरथरत होतं. बॉनेटवर ठेवलेला पाना सरकत सरकत खाली पडला.

"गाडी एका पायानं लंगडायलीय, सर. बेल्ट तुटला तव्हा आत एक वॉल्व्ह वाकलाय. इंजिनचं वरचं हेड उघडावं लागंल. नांदेडला नेऊन काम करावं लागतंय, आठवडाभर तर जाईल."

"आठवडा? उद्या रविवार आहे!"

"मग?"

रेणुकादासांनी इकडेतिकडे पाहिलं आणि संगमेशला बाजूला घेतलं. "मला फक्त लातूरपर्यंत न्यायची आहे. एकदा दारात लावली, चावी हातात दिली, की संपलं."

"आन् पुढं?"

"पुढं मालक बघतील."

संगमेशनं थोडा विचार केला. "लातूरपर्यंत जाईल हळूहळू. परत आणायची म्हणलात तर माही गॅरंटी न्हाई."

"परत आणायचीच नाही," रेणुकादास म्हणाले, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसले.

सौदामिनीनं हे ऐकलं होतं. घरी आल्यावर ती उंबऱ्यातच म्हणाली, "म्हणजे माझ्या बापाच्या दारात मोडकी गाडी लावून यायची."

"मोडकी कुठंय? चालू आहे. महिनाभरानं आपणच फोन करून सांगू, आप्पा, एकदा इंजिन दाखवून घ्या म्हणून."

त्यावर ती नुसती 'बरं' म्हणाली. इतिहासाच्या माणसाला खरं तर या 'बरं'चा अर्थ कळायला हवा होता. त्या रात्री रेणुकादासांना स्वतःची लाज वाटली, नाही असं नाही. पण टोपी लहान झाली होती त्या दिवसाची आठवण काढून त्यांनी मन घट्ट केलं.

रविवारी गाडी लातूरला पोचली. अहमदपूरच्या चढाला बैलगाडी पुढे गेली, पण पोचली. रेणुकादासांनी गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद केलं आणि उतारावरून गाडी गुपचूप दारात आणून लावली. आप्पासाहेब वाट बघत उभेच होते. ते आधी गाडीपाशी गेले, मग जावयापाशी आले.

"आली का नीट? काही तरास?"

"आवाज तरी आला का तुम्हाला?" रेणुकादास म्हणाले आणि त्यांनी किचेनसकट चावी आप्पासाहेबांच्या हातावर ठेवली.

पाट मांडले होते. सौदामिनी आणि रेणुकादास शेजारी बसले, सासूबाईंनी औक्षण केलं. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार. चुलत सासरे, मामेसासरे, मनस्विनी, सगळे भोवती होते. रेणुकादासांना पहिला धोंडा वाढला, आग्रह झाला, पुन्हा आग्रह झाला. मान असा मिळत होता की तो पोटात मावेना. त्या भरात कुणीतरी गाडीचा विषय काढला आणि रेणुकादासांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "आप्पा, अशी गाडी आता बनत नाही. नव्या गाड्या हिच्यापुढं डबे आहेत, डबे!"

आप्पासाहेबांचे डोळे भरून आले. ते उठून जावयापुढे येऊन बसले.

"जावईबापू, आता सांगतो. गॅरेजवाल्यानं मला बजावलं होतं, बेल्ट बदलल्याबिगर गाडी गावाबाहेर काढू नका म्हणून. पण तुम्ही कूलर घेऊन निघालेले, जावयाला न्हाई कसं म्हणायचं? तुम्ही गेलाव अन् मला त्याचं बोलणं आठवायलं. रस्त्यात कुठं बंद पडली तर काय तोंड दाखवू तुम्हाला? रात्री झोप न्हाई. म्हणून रोज फोन करायलो होतो."

रेणुकादासांच्या हातातला घास हातातच राहिला. हा म्हातारा आठवडाभर आपल्यासाठी जागा होता, आणि आपण... त्यांना एकदम सगळं खरं सांगून टाकावंसं वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही. त्यात सासूबाईंनी धोंडा भरवला.

"पण तुमच्या हाताला काय गुण हाय!" आप्पासाहेब पुढं म्हणाले. "जुना बेल्ट घेऊन लोह्याला जाऊन आली गाडी! मला आता नीट दिसत न्हाई, चालवणं होत न्हाई. घरातल्या कुणाला ती नको. विकायला माझं मन होत न्हाई. ती तुमच्याकडंच शोभती. अन् अधिकात नारायणाला वाहन द्यावं, ह्याहून चांगलं काय?"

असं म्हणून त्यांनी अनारशांच्या ताटात दिव्याशेजारी पितळेच्या किचेनसकट चावी ठेवली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"आप्पा, नको, खरंच नको," रेणुकादास कळवळून म्हणाले. "एवढं मोठं... मला नाही हो घेता यायचं!"

"बघा, किती निर्मोही," मामेसासरे म्हणाले.

"अधिकाचं वाण परत करत नसतेत, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

रेणुकादासांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. सौदामिनी शनिवारपासून पहिल्यांदा हसत होती.

"घ्या की," ती म्हणाली. "एवढी चांगली गाडी हाय."

निघायच्या वेळी सासूबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. सगळी गल्ली बाहेर आली होती, आता उतारावर ढकलायची सोय नव्हती. रेणुकादासांनी डोळे मिटून चावी फिरवली. इंजिन चालू झालं आणि गाडी नखशिखांत थरथरू लागली. हारातली फुलं गळून पडायला लागली.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मुक्या वस्तूलाबी कळतंय बघा. घर सोडायलीय तर कशी थरथरायलीय!"

आप्पासाहेबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तोंड फिरवलं.

नांदेड रोडला लागून लातूरची शेवटची घरं मागं पडली आणि गाडीनं एक मोठा उसासा टाकला. मग ती थांबली. या वेळी सावली नव्हती. सौदामिनीनं मांडीवरच्या ताटातला एक अनारसा उचलला आणि खिडकीबाहेर बघत शांतपणे खाऊ लागली. रेणुकादासांनी चार वेळा सेल्फ मारला, मग मोबाइल काढून संगमेशला फोन लावला.

"बोला सर! पोचली का न्हाई लातूरला?"

"पोचली."

"म्या म्हणलो व्हतो की! लई टेन्शन घेत होतात तुम्ही. आता कायबी काळजी करू नका. बंद पडू द्या न्हाईतर जळू द्या, पुढचं मालक बघंल."

रेणुकादासांनी फोन कानाशी धरूनच आणखी एकदा सेल्फ मारला, तेव्हा संगमेशनं विचारलं, "सर? हॅलो? कोण हाय फोनवर?"

"संगमेशराव," रेणुकादास म्हणाले, "मालक बोलायलोय."